एका बेसबॉलवेड्याची गाऱ्हाणी

२०२५ च्या गणपतीतली गोष्ट. मंडळाच्या महाप्रसादाच्या रांगेत ताट घेऊन उभा होतो. पुढचे एक ज्येष्ठ काका मागे वळले, माझ्या डोक्यावरची हिरवी-पिवळी टोपी बघितली आणि म्हणाले, "काय रे, तुझी ती टीम आता कुठली म्हणायची?"

आता आपल्या लोकांत पहिला प्रश्न हाच असतो. तुम्ही मूळचे कुठले? सांगली म्हटलं की पुढचा प्रश्न, सांगलीत कुठे? एकदा गाव कळलं की माणूस निम्मा कळला. पण काकांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण २०२५ पासून माझ्या टीमच्या नावापुढे गावच नाही. आधी 'ओकलंड ॲथलेटिक्स' होती, आता नुसती 'ॲथलेटिक्स'. खेळते वेस्ट सॅक्रामेंटोत, निघाली आहे लास व्हेगासला. २०२५ मध्ये खेळाडूंच्या एका बाहीवर सॅक्रामेंटोचा बिल्ला होता आणि दुसऱ्या बाहीवर लास व्हेगासचा. लग्न एकीशी ठरलंय आणि तोवर भाड्याने दुसरीकडे राहतोय, असा सगळा प्रकार.

त्या दिवशी वरण-भात घेऊन बसलो आणि मनात म्हटलं, गेली तेवीस वर्षं बेसबॉल पाहिला, आता एकदा गाऱ्हाणी मांडूनच टाकावीत. संपादकांनी लेख मागितला होताच.

आधी ही बाधा झाली कशी ते सांगतो. २००२ च्या ऑगस्टमध्ये मी एम.एस. करायला हेवर्डला आलो. दोन बॅगा, एक प्रेशर कुकर आणि तीन रूममेट. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात एक सीनियर म्हणाला, चला, ओकलंडच्या कोलिझियमला मॅच बघायला जाऊ, टीम सलग एकोणीस मॅचेस जिंकली आहे. बार्टमधून उतरलं की पुलावरून थेट मैदानात. त्या ४ सप्टेंबरला तिथे ५५,५२८ लोक होते. शिवाजी स्टेडियमवरच्या मॅचेस बघून वाढलेला मी, एवढी गर्दी बघूनच दबलो.

तिसऱ्या इनिंगअखेर आमची टीम ११-० ने पुढे. मी मनात म्हटलं, हा तर फॉलोऑनचा मामला. चौथ्या इनिंगमध्ये कॅन्सस सिटीने पाच रन काढले, पण तेवढं चालायचंच. सातवी इनिंग संपली, ११-५. दुसऱ्या दिवशी डेटाबेसची असाइनमेंट द्यायची होती. आम्ही शहाण्यासारखे उठलो आणि बार्टने घरी आलो. घरी येऊन टीव्ही लावला, तर आठव्या-नवव्या इनिंगमध्ये कॅन्सस सिटीने ११-११ अशी बरोबरी केली होती. नवव्यातच स्कॉट हॅटेबर्ग बदली बॅटर म्हणून आला आणि त्याने होम रन मारून १२-११ ने मॅच जिंकून दिली होती. सलग विसावी. अमेरिकन लीगचा तेव्हाचा विक्रम. पुढे त्याच मोसमावर मायकेल लुइसचं 'मनीबॉल' हे पुस्तक आलं, २०११ मध्ये सिनेमा आला, आणि त्या सिनेमाचा कळस म्हणजे हीच मॅच. मी तिथे होतो आणि मी ती पाहिली नाही! असाइनमेंटला बी-प्लस मिळाला.

तेव्हापासून माझा नियम आहे. शेवटचा माणूस आऊट होईपर्यंत उठायचं नाही.

गाऱ्हाणं पहिलं: आपली माणसं

बेसबॉल आवडतो असं मराठी घोळक्यात सांगून बघा. "अरे, ते गिल्लीदांडूसारखं ना?" "नुसते उभे असतात की रे!" "वर्ल्ड सिरीज म्हणे, आणि खेळतं कोण, अमेरिका!" शेवटचा टोमणा बरोबर आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. टोरंटोची एक टीम सोडली तर सगळ्या टीम अमेरिकेतल्याच. पण नुसते उभे राहण्याबद्दल पाच दिवसांच्या कसोटीवर वाढलेल्या माणसाने बोलू नये. क्रिकेटमध्ये बोलर दहा पावलं चालत मागे जातो तेव्हा आपण जे बघत असतो, तेच इथे दोन पिचच्या मधे बघायचं असतं. फील्डर कुठे सरकला, कॅचरने काय खूण केली, पहिल्या बेसवरचा माणूस पळणार का. हे कळलं की डोळा हलत नाही.

२००९ मध्ये आई-बाबा आले होते. त्यांना कोलिझियमला नेलं. सोबत आईने केलेल्या दशम्या आणि चटणी. बाबांना दोन इनिंगमध्ये खेळ कळला. सांगलीला ट्रान्झिस्टर कानाला लावून बाळ पंडितांचं मराठी समालोचन ऐकलेला माणूस, त्याला काय अवघड? आईने मात्र सूर्यफुलाच्या बिया चघळणारे खेळाडू तासभर बघितले आणि विचारलं, "एवढी सोन्यासारखी पोरं, पण सारखी थुंकतात का रे?" त्यावरही माझ्याकडे उत्तर नव्हतं.

गाऱ्हाणं दुसरं: वेळ

मोसमात १६२ मॅचेस. एप्रिल ते सप्टेंबर जवळजवळ रोज एक. बायको म्हणते, "तू घरात असतोस, पण नसतोस." त्यातून आमचा हिशेब असा, की जुलैमधली मंगळवारची मॅच चुकली तर काही बिघडत नाही, पण ती चुकवता येत नाही.

या बाबतीत मात्र बेसबॉलवाल्यांचं कौतुक केलं पाहिजे. २०२१ मध्ये नऊ इनिंगच्या मॅचला सरासरी तीन तास दहा मिनिटं लागत होती. पिचर टोपी सरळ करतोय, बॅटर हातमोजे सोडून परत बांधतोय. २०२३ मध्ये घड्याळ लावलं, बेस रिकामे असतील तर पंधरा सेकंदांत बॉल टाकायचा. त्या वर्षी सरासरी दोन तास चाळीस मिनिटांवर आली. एकही पिच कमी झाला नाही, कमी झाला तो फक्त टाइमपास. आमच्या ऑफिसच्या मीटिंगांना असं घड्याळ कुणी लावेल तर मी त्याचे पाय धरीन.

गाऱ्हाणं तिसरं: टीव्ही

आता जरा गंभीर. तुम्हाला बेसबॉल बघायचा असेल तर लीगचं स्वतःचं स्ट्रीमिंग आहे, पैसे भरा आणि सगळ्या मॅचेस बघा. फक्त एक अट असायची, तुमच्या भागातली टीम त्यात दिसायची नाही! तिचे हक्क स्थानिक केबलवाल्याला विकलेले असायचे. याला म्हणतात ब्लॅकआउट. म्हणजे मी ओकलंडपासून वीस मैलांवर राहतो म्हणून मला ओकलंड दिसायची नाही, फ्लोरिडात बसलेल्याला दिसायची. आयोवा राज्यात तर एकही मेजर लीग टीम नाही, तरी तिथल्या प्रेक्षकाला वर्षानुवर्षं सहा टीमच्या मॅचेस बंद होत्या, कारण सहाही टीम त्याला 'आपल्या भागातला' म्हणत होत्या. सहा जणांनी हक्क सांगितला आणि बघायला एकही मिळाली नाही.

त्यात २०२२ पासून शुक्रवारच्या काही मॅचेस ॲपलने घेतल्या. म्हणजे आणखी एक वर्गणी. मी एकदा एका कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून पाऊण तास वाद घातला. पलीकडचा मुलगा शांतपणे म्हणाला, सर, आमच्या सिस्टिमप्रमाणे तुम्ही योग्य ठिकाणी राहत नाही. मी स्वतः सिस्टिम बांधतो. मला माहीत आहे, ही मशीनची मर्यादा नाही. पिनकोड बघणारी एक अट आहे, आणि ती कुणीतरी विचार करून लिहिलेली आहे.

तिकिटाचंही तसंच. तिकीट वीस डॉलर, शेवटच्या पानावर पोचेपर्यंत त्याला 'सुविधा शुल्क' चिकटायचं. तिकीट मी शोधलं, मी टाइप केलं, मीच फोनवर घेतलं. सुविधा कुणाची झाली?

गाऱ्हाणं चौथं: कपाटातल्या जर्सी

माझ्या कपाटात पाच जर्सी आहेत आणि एकाही जर्सीवरचा माणूस आता टीममध्ये नाही. जेसन जिआम्बी मी यायच्या आधीच न्यूयॉर्कला गेला होता. मग तेहादा गेला, हडसन गेला, मल्डर गेला, झिटो तर सात वर्षांच्या करारावर खाडीपलीकडे सॅन फ्रान्सिस्कोला गेला. जॉश डोनाल्डसनला २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये टोरंटोला दिला आणि २०१५ मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. २०२२ च्या मार्चमध्ये ऑल्सन आणि चॅपमन त्याच आठवड्यात गेले. तेव्हा माझी मुलगी दहा वर्षांची होती. तिच्या खोलीत चॅपमनचं पोस्टर होतं. तिने विचारलं, "बाबा, त्याला आपण आवडत नव्हतो का?"

'मनीबॉल'चं लोकांना फार कौतुक. आमच्या धंद्यात तर दर तिसऱ्या प्रेझेंटेशनमध्ये त्याची स्लाइड असते, कमी पैशात जास्त काम. मीही वापरली आहे. पण त्या सिनेमात एक गोष्ट नीट दिसत नाही. कमी पैशात टीम जिंकते हे खरं, पण ज्यांच्यामुळे जिंकते ते महाग झाले की त्यांना सोडावं लागतं. तो हिशेब प्रेक्षक भरतो. २००० पासून २००३ पर्यंत सलग चार वर्षं आमची टीम पाच मॅचेसच्या प्लेऑफमध्ये पाचव्या मॅचला हरली. २०१२ आणि २०१३ लाही पाचव्यालाच. २०१४ मध्ये कॅन्सस सिटीत आठव्या इनिंगपर्यंत ७-३ ने पुढे होतो, बाराव्या इनिंगला ९-८ ने हरलो. हरण्याचं दुःख नाही. हरणं हा खेळाचा भाग आहे, गाऱ्हाण्यात बसत नाही. पण पुढच्या वर्षी त्याच मुलांना घेऊन पुन्हा प्रयत्न करू, एवढंही म्हणता येऊ नये?

गाऱ्हाणं पाचवं आणि शेवटचं

कोलिझियम काही देखणं नव्हतं. १९६६ ची सिमेंटची वाटी. फुटबॉलवाल्यांसाठी नव्वदच्या दशकात जो उंच मजला चढवला, त्याने मागच्या टेकड्या झाकून टाकल्या. २०१३ च्या जूनमध्ये तर गटार तुंबून खेळाडूंच्या खोल्यांत पाणी शिरलं आणि दोन्ही टीमना वरच्या मजल्यावर एकाच खोलीत आंघोळी कराव्या लागल्या. पण उजव्या बाजूच्या बाकांवर ढोल वाजायचे. क्रिकेटच्या मैदानावर आपण ज्या लाटा करतो, त्यातली टीव्हीवर नोंदली गेलेली सुरुवातीची लाट १९८१ मध्ये इथेच उठली. त्या बाकांवर शेजारी कोण बसलंय हे कुणी विचारत नसे. नवीन आलेल्या माणसाला अमेरिकेत अशी जागा सहज मिळत नाही.

नवं मैदान हवं होतं हे खरं. ते कुठे, कुणाच्या पैशाने, यावर शहर आणि क्लब यांची वर्षानुवर्षं बोलणी झाली आणि फिसकटली. दोन्ही बाजूंचं आपापलं म्हणणं आहे. पण मधल्या काळात खेळाडू विकले गेले, २०२२ मध्ये १०२ मॅचेस हरलो, २०२३ मध्ये ११२. मग लोक येईनात. मग लोक येत नाहीत म्हणून जायचं ठरलं. १३ जून २०२३ ला प्रेक्षकांनी उलटा बहिष्कार घातला, म्हणजे ठरवून सगळे आले. २७,७५९ लोक, अंगात 'विका' असं लिहिलेले हिरवे टी-शर्ट. आम्ही दोघं बाप-लेक होतो. टीम २-१ ने जिंकली, सलग सातवी. त्याच आठवड्यात नेवाडा राज्याने नव्या मैदानासाठी ३८ कोटी डॉलरपर्यंत सरकारी मदत मंजूर केली आणि नोव्हेंबरमध्ये तीसही मालकांनी एकमताने जाण्याला होकार दिला.

त्या रविवारी बाबांना फोन केला. सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, "टीम गाव सोडून कशी जाते रे?" मी म्हटलं, पैसा जास्त मिळतो तिकडे. बाबा थोडं थांबले आणि म्हणाले, "मग चालायचंच की. तूही गेलासच."

टोमणा नव्हता तो. बाबा टोमणे मारत नाहीत. म्हणूनच फोन ठेवल्यावर बराच वेळ तसाच बसून राहिलो. मी कन्सल्टंट आहे. जिथे दर चांगला तिथे जाणं हाच माझा धंदा. आणि ही टीम तरी मूळची ओकलंडची कुठे? १९०१ ते १९५४ फिलाडेल्फिया, मग कॅन्सस सिटी, आणि १९६८ ला ओकलंड. ती आम्हाला मिळाली तेव्हा कॅन्सस सिटीत एखादी पोरगी रडलीच असेल. जिच्यावर मी चिडलो ती टीम माझ्यासारखीच निघाली, दोन बॅगा घेऊन आलेली.

बाबांना त्या दिवशी उत्तर दिलं नाही. दोन वर्षं विचार करून जे सुचलं ते इथे लिहितो. मी गाव सोडलं, पण जाताना गावाला 'मी इथलाच' म्हणून तिकिटं विकली नव्हती. ओकलंडच्या क्लबची जाहिरातच होती, 'ओकलंडमध्ये रुजलेले'. ही ओळ बसवर, खांबांवर, टी-शर्टवर छापून विकली. माझं खरं गाऱ्हाणं हे आहे. मोठा खेळ आपल्याला नात्याच्या नावाने बोलावतो आणि हिशेब मात्र गिऱ्हाइकाचा ठेवतो. ब्लॅकआउट तेच, सुविधा शुल्क तेच, चॅपमनचं पोस्टर तेच. गिऱ्हाइकच मानायचं असेल तर तसं सांगा, मग दुसऱ्या दुकानात जाण्याची मोकळीक आम्हालाही राहील. 'आपली टीम' म्हणायचं आणि आपण त्यात कुठेच नसायचं, हे काही खरं नाही.

एवढं लिहूनही बाबांचं वाक्य पूर्ण खोडता आलं नाही, हेही कबूल करतो. मीही दर फोनला 'आपली सांगली' म्हणतो आणि दोन वर्षांतून तीन आठवडे जातो.

२६ सप्टेंबर २०२४ ला कोलिझियममधली शेवटची मॅच झाली. ४६,८८९ लोक. टेक्सासवर ३-२ ने विजय. शेवटचा माणूस आऊट झाला आणि कुणी उठलंच नाही. माझा नियम त्या दिवशी सगळ्या मैदानाने पाळला. बाहेर पडताना मुलीने खिशातला कागदी कप पुढे केला, त्यात मैदानातली मूठभर लाल माती होती. कुणाकडून मिळाली ते तिने सांगितलं नाही. तो कप आता आमच्या देवघराशेजारच्या फडताळात आहे. बायको काही बोलली नाही.

२०२५ चा उन्हाळा आम्ही वेस्ट ओकलंडच्या रायमोंडी पार्कमध्ये काढला. तिथे 'ओकलंड बॉलर्स' नावाची छोटी टीम २०२४ पासून खेळते. मेजर लीगच्या कुठल्याही टीमशी संलग्न नाही, खेळ साधाच आहे, कधी कधी सोपा झेलही सुटतो. पण क्लबने आपले काही शेअर प्रेक्षकांनाच विकले आहेत, आणि ढोलवाले तिथे येऊन बसले आहेत. २०२५ मध्ये ही टीम आपल्या लीगची विजेती झाली. उद्या ही टिकेल का, ठाऊक नाही. पण सध्या तिच्या नावात गाव आहे.

तेव्हा काका, पुढच्या गणपतीत विचाराल तर उत्तर तयार आहे. आणि मंडळींपैकी कुणाला येत्या उन्हाळ्यात एखाद्या शनिवारी सोबत यायचं असेल तर जरूर कळवा. खेळ मी समजावून सांगेन. अट एकच, शेवटचा माणूस आऊट होईपर्यंत उठायचं नाही.